समाज, नावानिशी

प्रिय प्रश्नावलीबाई,

या नावाने हाक मारायचा हक्क मी गमावून बसलो आहे, ठाऊक आहे मला. पण दुसऱ्या कुठल्याही नावाने सुरुवात केली की पुढचं वाक्यच सुचत नाही. सहा वर्षांत तू माझ्या एकाही पत्राला उत्तर दिलं नाहीस, आईचा फोनही उचलत नाहीस. हे एवढं एक शेवटपर्यंत वाच, मग हवं तर फाडून टाक.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. गेल्या महिन्यात कपाट आवरताना पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायचो ती टिपणं सापडली. समाजशास्त्र तत्त्वज्ञानाच्या पोटी कसं जन्मलं, तो धडा. समाज म्हणजे माणसांनी आपसात केलेला करार, की माणसांच्या आधीपासून असलेली, त्यांना न जुमानणारी एक वस्तू? तीस वर्षं मी दोन्ही बाजू फळ्यावर मांडल्या आणि तास संपायच्या आत दुसऱ्या बाजूला कौल देऊन मोकळा झालो. समाज दिसत नाही, पण त्याच्या विरुद्ध जाऊन बघा, लगेच टोचतो, असं म्हणायचो. पोरं माना डोलवायची. तू दहा वर्षांची असताना जेवता जेवता विचारलं होतंस, की बाबा, हा समाज राहतो कुठे? मी हसण्यावारी नेलं. तुमच्या सगळ्या वर्गाला जमलं नाही ते हिने केलं, असं म्हणून आई दिवसभर मला चिडवत होती.

मग ती दुपार. नवऱ्याचं घर सोडून तू बॅग घेऊन दारात उभी होतीस. आई वाचनालयात, तिच्या कामावर. मी दार अर्धंच उघडलं. आपल्याला समाजात राहायचंय, असं म्हणालो. तू रडली नाहीस. समाज म्हणजे कोण ते नावानिशी लिहून द्या, मी एकेकाला भेटून येते, म्हणालीस.  मग मी घाईघाईने म्हणालो, की आईचंही हेच म्हणणं आहे, तिलाही तू इथे नको आहेस. तेव्हा तू बॅग उचललीस आणि जिना उतरलीस.

टिपणं हातात घेऊन बसलो असताना तुझं ते वाक्य आठवलं आणि मी खरंच यादी करायला घेतली. बारा नावांपुढे गाडी सरकेना. ज्याच्या धाकाने पोटची पोर दारातून परत पाठवली तो माझा अवाढव्य समाज अर्ध्या पानात मावला, बाई! मग जन्मभर विद्यार्थ्यांना लावलेली शिस्त स्वतःला लावली. पॅड घेतलं, पेन्सिल घेतली आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा ठरवून निघालो: माझी मुलगी तेव्हा घरी राहायला आली असती, तर तुम्ही काय म्हणाला असता?

खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य म्हणाले, माझं काही नाही हो, पण तुमच्या थोरल्या भावाला चाललं नसतं. तुझे काका म्हणाले, मला कसलं काय, तुझ्या कॉलेजातच कुजबुज झाली असती. कॉलेजातल्या आमच्या विभागप्रमुख बाईंनी चहा पाजला आणि म्हणाल्या, आमच्यापैकी कुणी ब्र काढला नसता, शेजारीपाजारी मात्र सांगता येत नाही. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवत होता. समोरच्या शिंप्याने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या. मग म्हणाला, सर, आम्ही तर तुम्हालाच बिचकून होतो. त्याची धाकटी बहीण चार वर्षांपूर्वी अशीच सासर सोडून आली, तेव्हा समोर सर राहतात, त्यांनी स्वतःच्या मुलीलाही घरात घेतलं नाही, म्हणून शिंप्याच्या घरच्यांनी तिला मागच्या दाराने आत आणलं. वर्षभर ती पोर पुढच्या खिडकीत उभी राहिली नाही. माझ्यामुळे. उरलेल्या आठ जणांकडे मी गेलोच नाही.

शिंप्याला हे कुणाकडून कळलं, ते मी विचारलं. त्या दुपारी त्याने तुला जिना उतरताना पाहिलं होतं. हे त्याने आजवर एकाच माणसापासून, आईपासून, लपवून ठेवलं, आणि त्यासाठीच मी हे पत्र लिहितो आहे. तू इथे नको आहेस, असं आई कधीच म्हणाली नव्हती. ते मी तिच्या नावावर खपवलं, कारण माझ्या एकट्याच्या नकाराने तू जाशील याची मला खात्री नव्हती. तू दारापर्यंत आली होतीस हेच तिला अजून ठाऊक नाही. मुलगी आपल्याकडे न येता परस्पर निघून गेली, असं समजून ती सहा वर्षं स्वतःची चूक शोधते आहे. रविवारी तुला फोन लावून झाल्यावर तिने मला विचारलं, की मी हिचं काय वाईट केलं हो? मी पेपर उघडून बसलो. मला माझी लाज वाटते. हे पत्र टाकून घरी गेलो की तिला सगळं सांगणार आहे. त्यानंतर ती माझ्याशी बोलेल की नाही, माहीत नाही. मला माफ करू नकोस, पण येत्या रविवारी फोन उचल. तो तिचा असेल.

तुझाच,
बाबा