घरात घेतल्यावर

वडगाव, बेळगाव
माघ, सन १९३८

आक्का,

माझं कसं चाललंय म्हणून निपाणीस्नं तू विचारलंस. नागपंचमीपास्नं मी परसातल्या खोपीत बसून हुते. पाळी जाऊन वर्सं लोटल्यावर अंगावरनं परत रगात जाया लागलं, ते थांबंना. विटाळ म्हणून सून मालन लांबनंच ताट सरकवायची. नात यमू जवळ आली तर "आज्जीला शिवू नको" म्हणून तिला वढायची. कंबर ठणकायची, ती हातमागावर बसून बसून, असं सगळी म्हणायची. मीबी म्हणायची.

शेवटी लेकानं दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही पाळी नव्हे. गर्भपिशवीच्या तोंडाला कॅन्सर झालाय, तो आता कंबरेच्या हाडात गेलाय. यावर औषध नाही." मग लेकाला म्हणाल्या, "विटाळ कसला? आईला घरात घ्या."

खोटं कशाला बोलू, मरणाचं ऐकूनबी मला आधी घरात जायाचाच आनंद झाला.

यमू उंबऱ्यात वाट बघत हुती. पळत आली आणि कंबरेला बिलगली. हाडातनं अशी कळ गेली, की मीच वरडले, "शिवू नको गं." पोर मागं सरली. आता माझ्या वाकळंपास्नं लांब, हात पाठीमागं धरून बसतीया.

तूबी आलीस की दारातच मिठी मारतीस. तुला तेच सांगायचं बळ माझ्यात न्हाय. म्हणून हा कागद धाडत न्हाय, उशीखाली ठेवते. चंपीला माज आलाय, लिहीत न्हाय, असं खुशाल म्हण.

तुझी,
चंपू