बाबांचं अबोध मन

४ फेब्रुवारी, रविवार
मानसशास्त्राचा कोर्स संपला. सहा रविवार, एक सर्टिफिकेट. सर म्हणाले, माणूस उगाच काहीच करत नाही. मुळाशी बालपण आणि अबोध मन. मला हे आधीपासून वाटतच होतं.
संकल्प: घरातल्या प्रत्येकाचं विश्लेषण. सुरुवात बाबांपासून. त्यांना पाठीमागून मार्क वाचून दाखवले. ते खिडकीबाहेर बघत राहिले. मला शाबासकी नकोच होती. ती गरज आठवीतच संपली.

५ फेब्रुवारी, सोमवार
निदान झालं. दाबलेला राग. हाक मारली तर ओ देत नाहीत. टीव्ही एवढा मोठा लावतात की शेजारीण भिंत बडवते. वर्चस्वाची गरज, दुसरं काय.
बायको म्हणाली, एकदा कान दाखवून आणू या, चाळीस वर्षं छापखान्यात मशीनला चिकटून उभे होते. सोपी उत्तरं शोधणं ही बचाव यंत्रणा. तिला तसं स्पष्ट सांगितलं. मग भांडी जोरात वाजली.

८ फेब्रुवारी, गुरुवार
उपचार सुरू. संध्याकाळी साडेसहा. बाबा कोचावर आडवे, मी त्यांच्या डोक्यामागे खुर्चीत. पेशंटला आपला चेहरा दिसता कामा नये, हा नियम. विचारलं, तुमचे वडील कसे होते? ताकास तूर लागू देईनात. वीस मिनिटं शांतता. शांतताही बोलते म्हणे. सहा पानं टिपणं काढली.
सात वाजता कळलं, झोपले होते. प्रतिरोध.

१३ फेब्रुवारी, मंगळवार
चौथी बैठक. मी मागे बसलो की गप्प. ताई आली की मात्र समोरासमोर बसून तासभर गप्पा. मला मत्सर वगैरे काही नाही. फक्त नोंद करतोय.
बायको म्हणाली, पालथ्या घड्यावर पाणी. बाबांबद्दल म्हणाली असावी.

१७ फेब्रुवारी, शनिवार
मागून स्कूटरवाला हॉर्न देत आला, बाबा बाजूलाच झाले नाहीत. कोपर सोललं. आता फिरायला जात नाहीत, नुसते बसून असतात. बायको रडली. मी समजावलं, त्यांना लक्ष हवंय. ती म्हणाली, लक्ष तर तुम्हालाही हवं असतं, तुम्ही कुठे स्कूटरसमोर जाता?
प्रक्षेपणाचं, म्हणजे आपल्या मनातलं दुसऱ्यावर ढकलण्याचं, उत्तम उदाहरण. लिहून ठेवलं.

२० फेब्रुवारी, मंगळवार
बायको आणि ताई मला न सांगता त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. दोन्ही कान जवळजवळ गेलेत. समोरच्याच्या ओठांवरून समजून घेत होते म्हणे. मागून काहीच पोचत नव्हतं.
डॉक्टरला मनातलं काय कळणार.

२५ फेब्रुवारी, रविवार
सकाळी यंत्र बसलं. बाबांनी कुकरच्या शिट्ट्या मोजल्या. नातीला तीच कविता तीनदा म्हणायला लावली. न्हाणीघरातला नळ गळतोय, हे त्यांनीच सांगितलं. डोळे भरून आले होते त्यांचे. माझेही आले, कबूल करतो.
साडेसहाला मी समोर बसलो. म्हटलं, राहिलेलं सगळं ऐकवून टाकू. दाबलेला राग, आजोबा, माझी आठवी, सगळं. पाऊण तास. शब्द न् शब्द ऐकला त्यांनी. मग मी थांबलो, आता काहीतरी बोलतील म्हणून.
त्यांनी विचारलं, झालं का?
मी हो म्हटलं.
त्यांनी यंत्र काढून डबीत ठेवलं. अर्थ लावायला कोर्सची गरज पडली नाही.