हिरव्या बटणातली कामटी

बाबा, मुरबाडच्या आपल्या विहिरीवरचा स्टार्टर हल्ली सारखा आठवतो. मी दहावीत होते. वीज कधी येईल याचा नेम नसायचा आणि त्या दिवशी भेंडीला पाणी सोडायचं काम माझ्याकडे होतं. बांधावर ताटकळायला नको म्हणून मी हिरवं बटण दाबून त्यात बांबूची कामटी ठोकली आणि घरी येऊन पुस्तक उघडलं. वीज आली, पंप आपोआप सुरू झाला आणि विहीर आटली तरी चालतच राहिला. तुम्ही धावत पोचलात. लाल बटण दाबून सोडलं की मोटर पुन्हा घरघरायची. कामटी उपसेपर्यंत मोटर जळून गेली होती. मला मारलं नाहीत. "चालू कराची लय हौस गो तुला," म्हणालात, "बंद कोन करनार? तुजी भेंडी?" आई पदर तोंडाला लावून हसली. मी आठवडाभर मान वर केली नाही.

आता मी शहापुरात असते आणि मला रक्ताचा कॅन्सर आहे. डॉक्टरांनी फाइलच्या पाठीवर चित्र काढून समजावलं. पेशीतल्या कितीतरी प्रथिनांना फॉस्फेट चिकटलं की ती कामाला लागतात, निघालं की थांबतात. माझ्यात दोन जनुकांचे तुकडे चुकून जोडले गेले, आणि त्यातून तयार झालेलं प्रथिन फॉस्फेट चिकटवायचं थांबतच नाही. काढणारी प्रथिनं त्याला पुरी पडत नाहीत. म्हणून पेशींना वाढीचा हुकूम सुटतच राहतो. "ही गोळी त्याच्या खाचेत बसून त्याला अडवते, ताई. रोज घ्यायची. मनाने बंद करायची नाही." मी म्हटलं, "म्हणजे कोणीतरी कामटी ठोकलीय." त्यांना कळलं नाही.

चौथं वर्ष चालू आहे. पोटऱ्या वळतात, डोळे सुजतात, जेवलेलं वर येतं. माहेरी एक रात्र राहायचं तरी आधी गोळ्यांचं पाकीट पिशवीत. संध्याकाळी आसनगाव स्टेशनला गाडीतून उतरले की ह्यांचा फोन येतो, "गोळी घेतली ना?" मी म्हणते, "घेतली." मग ते भाजी काय आणू विचारतात.

मागचा रिपोर्ट चांगला आला, तेव्हा वाटलं, एक दिवस तरी कोणाच्या ताब्यात नको, आणि गोळी घेतली नाही. त्या एका दिवसाचे नऊ झाले. पुढच्या आठवड्यात रक्त तपासायचं आहे आणि रक्ताला "घेतली" म्हणून भागत नाही. पाकीट समोर आहे, पाण्याचा पेला भरलेला आहे. ह्यांना सांगितलं नाही, डॉक्टरांनाही नाही. तुम्हांला सांगता आलं, कारण भिंतीवरच्या फोटोतून तुम्ही धावत येणार नाही.