मोडक्या कानातली गोचीड

उंब्रज,
१० मार्च २०२४

चि. सौ. अंकितास आबाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

परवा फोनवर तू मला शिकवायला लागलीस आणि मी फोन भिंतीवर मारला. त्याचा चुरा झाला, म्हणून हे पत्र. फौज सुटली तरी लिहायची सवय सुटलेली नाही. तुला आठवा महिना आहे, तब्येतीला जप आणि जिभेला आवर.

तालमीच्या दुधासाठी लोणंदच्या बाजारातून दोन म्हशी आणल्या. दूध झकास, पण अंगावर गोचिडींची रास. तुझा भाऊ शंभूराज उघड्या अंगाने एकेक उपटतो आणि नखावर फोडतो. रक्ताची चिळकांडी छातीवर उडते आणि गडी हसतो. गेल्या रविवारी एक त्याच्याच कानामागे चिकटली. मी पेटती उदबत्ती टेकवली, पडली खाली.

परवापासून मात्र पोरगं ढेपाळलंय. अंग तापलंय, डोकं ठणकतंय म्हणतो. शुक्रवारी जत्रेचं कुस्त्यांचं मैदान आहे आणि काल हा जोर मारता मारता खाली बसला. काठी मोडेपर्यंत पाठीवर हाणली. ताप घामानेच जातो. जावईबापूंना नमस्कार सांग.

तुझा आबा


आटपाडी,
१३ मार्च २०२४

ती. आबांस अंकिताचा शि. सा. न. वि. वि.

पत्र आज मिळालं. टपालाला उशीर लागेल म्हणून हे एसटीच्या ड्रायव्हरजवळ देते. मला प्रवास बंद आहे, नाहीतर मीच आले असते. शंभूचा फोन तुम्ही जत्रेपर्यंत कुलपात घातलाय. शेजारच्या तानुबाईंना फोन करून तुमच्याकडे पाठवलं, तर तुम्ही म्हणे काठी घेऊन त्यांच्या अंगावर धावलात. त्या एवढंच म्हणत होत्या, आवं, पोरगं लय तापलंय, हात लावून तरी बघा.

मी जनावरांच्या दवाखान्यात कामाला आहे म्हणून तुम्ही हसता. हसा, पण ऐका. गोचीड जाळायची नसते, तिला तेल-रॉकेलही लावायचं नसतं. डिवचली की ती पोटातली घाण जखमेतच ओकते. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला अगदी लागून धरायची, न पिळता, न हिसकता, सरळ वर ओढायची आणि जागा साबणाने धुवायची. नखावर तर कधीच फोडायची नाही, ते रक्त बोटांच्या भेगांत शिरतं. गोठ्यात हातमोजे आणि अंगभर कपडे हवेत. बाहेर आलं की काखा, जांघा, केसांची कड बघायची, आणि कान तर आधी.

गोचीड चावल्यावर पंधरवड्यात आलेला ताप घामाने जात नाही. त्याला आजच कराडला न्या आणि डॉक्टरांना गोचिडीचं सांगा.

तुमच्या पट्ट्याचा वळ माझ्या दंडावर अजून आहे. त्याबद्दल मी कधी बोलले नाही. पण शंभूला मैदानात उतरवलंत, तर माझं बाळ तुमच्या मांडीवर कधीच ठेवणार नाही. राग आला तरी लोभ असू द्यावा.

आपली अंकिता


कराड,
१८ मार्च २०२४

चि. सौ. अंकितास आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र बुधवारीच मिळालं. वाचलं, उशाखाली ठेवलं आणि शुक्रवारी त्याला उतरवलं.

दुसऱ्याच मिनिटाला शंभूच्या नाकातून रक्ताची धार लागली. समोरच्याने नाकाला बोटही लावलं नव्हतं. मी बाहेरून ओरडत होतो, दाब रं त्याला, मान मोड त्याची. शंभूने त्याला उचलून आपटलं, छातीवर गुडघा दिला आणि तिथेच त्याच्यावर कोसळला. तोंडात माती, मातीत रक्त. हलगीवाल्याला वाटलं कुस्ती निकाली झाली, तो वाजवतच राहिला.

दवाखान्यात नर्सबाईंनी कान उलगडला. पैलवानाचा कान, लहानपणी घासून घासून मीच मोडलेला. त्या घडीत आणखी एक गोचीड होती, शेंगदाण्याएवढी फुगलेली. तू लिहिलंस तशीच त्यांनी ती सरळ ओढून काढली. बॅटरी मी धरली होती.

आज सकाळी ताप उतरला आणि त्याने पेज मागितली. डॉक्टर म्हणाले, वाचला, पण आणखी एक दिवस गेला असता तर हाती लागला नसता.

या तापात कातडीखाली आपोआप रक्त साकळतं, काळेनिळे डाग उठतात. डॉक्टरांनी त्याची पाठ पाहिली आणि सगळे डाग तापाचेच म्हणून कागदावर लिहायला घेतले. मी म्हणालो, थांबा साहेब. मग एकेका डागावर बोट ठेवून माझे कुठले ते दाखवून दिले. सतरा निघाले.

बाळ माझ्या मांडीवर ठेवायचं की नाही, ते तू ठरव. मी मागणार नाही. लोभ उरला असेल तेवढा असू दे.

तुझा आबा