गुलाबी पट्टी कोणाची

तीर्थरूप मामांना, पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

परवा आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, भरल्या हॉलमध्ये माझ्या तोंडून 'काका' हा शब्द निघाला आणि सगळं बदललं. पण ते पुढे. तुमचा गुडघा कसा आहे? (एरवी मी तुम्हाला अरे-तुरे करतो. आज अहो-जाहो का, ते शेवटी कळेल.) आई ठीक आहे, म्हणजे माझ्याशी बोलत नाही.

कॉलेज अर्ध्यात सोडून हा करतो काय, असं तुम्ही आईला विचारत होतात. तर मी कला करत होतो. आपल्या मेलमध्ये नकोसा कचरा येतो ना, टक्कल घालवा, कर्ज घ्या, बक्षीस लागलंय, तो मी इमारतीतल्या घराघरांतून मागून आणला. (दातांचे डॉक्टर म्हणाले, "कचराच हवाय तर बादली पण ने.") प्रत्येक मेलची एक रंगीत रेघ: कर्जाची पिवळी, केसांची हिरवी, बक्षिसाची निळी, आणि 'एकटे आहात? आमच्याशी बोला' म्हणणाऱ्यांची गुलाबी. एका घराची एक लांब कागदी पट्टी, आणि अशा सगळ्या पट्ट्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये टांगून परवा प्रदर्शन भरवलं. नावं नाहीत, कोणती कोणाची हे फक्त मला ठाऊक. माणूस ज्या मेलवर एकदा बोट ठेवतो तसल्याच त्याला आणखी येतात, म्हणून हा कचरा नव्हे, समाजाचा आरसा आहे, असं मी दाराशी ठळक अक्षरांत लिहिलंही होतं. रंग तिनं निवडले. ती म्हणजे समोरच्या घरातली, चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते ती. (उगाच भुवया उंचावू नका, तुम्हाला सगळं माहीत आहे.) तिच्या बाबांचा कचराही तिनंच आणून दिला. "बाबांना काय येणार? औषधांच्या जाहिराती," म्हणाली.

लोक आले, मामा! आधी गंभीर होते, मग सुटले. हिरवीगार पट्टी दिसली की सगळे सोसायटीच्या सेक्रेटरींच्या टोपीकडे बघायचे. मग कोणाला तरी कोपऱ्यातली पट्टी सापडली, वरपासून खालपर्यंत गुलाबी. "हा कोण रे बुवा मजनू?" "लग्न लावा आधी त्याचं!" हॉल खदखदला. तिचे बाबा तिथेच उभे, हातात सरबताचा पेला. तेही सगळ्यांबरोबर हसत होते, फक्त पट्टीकडे पाठ करून. मला बघवलं नाही. माझं डोकं तुम्हाला माहीत आहे. टेबलावर चढून मी ओरडलो, "काकांना हसता, लाज नाही वाटत? काकू गेल्यापासून त्यांच्याशी कोणी एक शब्द तरी बोललात का?"

कोणालाही ठाऊक नव्हतं, मामा. मी ओरडेपर्यंत कोणालाही.

काकांनी पेला माझ्या पायाशी टेबलावर ठेवला आणि ते जिना चढून गेले. ती थांबली. म्हणाली, "समाज दाखवणार होतास ना? माझे बाबा दाखवलेस."

तेव्हापासून काका दूध घ्यायलाही बाहेर आलेले नाहीत. आणि मला राहून राहून एकच सलतं. त्या दारात मी किती वेळा उभा राहिलो, पण काकांच्या खांद्यावरून आत बघत. कधी म्हटलं नाही, काका, बसू का जरा? तेवढ्यानंसुद्धा एखादी रेघ कमी झाली असती.

तुमचा भाचा

ता. क. आता काम. तुम्ही लग्न केलेलं नाही, लोकांच्या बोलण्याची तुम्हाला पर्वा नाही. एकदा इथे येऊन 'ती पट्टी माझी' असं म्हणाल का? भाच्याच्या कौतुकापोटी तुम्हीही कचरा पाठवला होता आणि टांगताना माझी अदलाबदल झाली, असं मी सांगेन.

ता. क. २. वरचं वाचलं आणि लाज वाटली. येऊ नका. गुलाबी पट्टी माझी होती, असं मीच दारोदार जाऊन सांगतो. लोकांना लगेच पटेल. ती समोर असतानाही तेच सांगावं लागणार, म्हणजे तिथलं माझं आटोपलंच. सुरुवात वरच्या मजल्यापासून करतो. चपला घातल्यात, पत्र खिशात टाकतो आणि दार ओढून घेतो.