सरकीवरचं माप

अब्बा, शेठजींची ती लाल गाडी मागच्या महिन्यात माझ्या दुकानात आली होती. तुम्ही जिच्या सीटा केल्या होत्या तीच, दोन माणसांची, बिनटपाची, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी. शौकीन लोकांची शर्यतीची जुनी गाडी. आता ती त्यांच्या पुतण्याकडे अमरावतीला असते. सीटा पार फाटल्या होत्या. त्याला त्या नव्या करून काकांना एकदा फिरवून आणायचं होतं, आणि कोणीतरी त्याला सांगितलं की सीटांचं काम करणारी एक बाई आहे, हात चांगला आहे. तुम्ही असता तर हे ऐकून दाढीत हसला असता. गाडी शटरसमोर थांबली आणि मी लगेच ओळखली. "ह्या सीटा माझ्या वडिलांनी केल्यात," मी त्याला म्हणाले. किती तोऱ्यात म्हणाले, ते आठवलं की आता मान वर होत नाही.

तुम्ही ते काम केलं ते वर्ष मला अजून स्वच्छ आठवतं. कापसाला भाव नव्हता, अकोल्यातले निम्मे जिन, कापसातून सरकी काढायचे कारखाने, बंद होते, ट्रॅक्टरवाले फाटक्या सीटवर पोतं टाकून भागवत होते आणि आपल्या दुकानात तुम्ही दिवसभर माशा मारत होता. खेड्यांतून रोज एखादी वाईट बातमी यायची. अशात शेठजी, ज्यांचं स्वतःचं जिन बंद पडलेलं, रोज संध्याकाळी बायकोला शेजारी बसवून बाळापूर रोडला निघायचे. बाई मान ताठ करून बसलेल्या, इकडे नाही की तिकडे नाही. पानठेल्यावर लोक बोलायचे, "लोकं मरून राहिले अन् हे नवरा-बायको हवा खाऊन राहिले." आणि त्या गाडीचं काम तुम्ही घेतलेलं. शाळेत मुली मला विचारायच्या, काय गं, तुझे अब्बा शेठच्या गाडीत बसतात का? मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्यातली एक संध्याकाळ तर डोळ्यांसमोरच आहे. अम्मी चुलीपाशी भाकरी थापते आहे. तुम्ही आत येता, आणि तुमच्या पायजम्याला, बाह्यांना, दाढीलासुद्धा सरकीचे पांढरे तंतू लागलेले. अम्मी बघते आणि म्हणते, "सीट बनाने गए थे या कपास चुनने?" तुम्ही म्हणता, "माप लेने गया था," आणि हात धुवायला जाता. सीटच्या मापाचा आणि सरकीचा काय संबंध, हे आमच्यापैकी कोणी विचारत नाही. मी मात्र माझं घोडं पुढे दामटते. "कावून करता त्यांचं काम? लोक हसून राहिले आपल्याला." तुम्ही ताट बाजूला सरकवता. मला रागावताना तुम्ही नेहमी मराठीत रागवायचात. "गिऱ्हाईकाच्या घरची गोष्ट आपल्या चुलीपाशी नाई आनाची. तुले सीट शिकाची हाय ना? मंग पह्यले हे शीक." मी फुगून बसले. दोन दिवसांनी तुम्ही मला तुमची वाकडी सुई दिलीत, जिला अम्मीलाही हात लावू देत नव्हता. ती अजून माझ्याकडे आहे.

त्याच सुईनं मी तुमचे टाके उसवले. ड्रायव्हरच्या सीटमध्ये काही वेगळं नव्हतं. डावीकडची उघडली आणि मी बघतच राहिले. काथ्या डाव्या अंगाला जाड, उजव्या अंगाला पातळ. पुढची कड खाली उतरलेली. बसायच्या जागी एका बाजूला खळगा, आणि पाठीला डावीकडे उशीएवढा फुगवटा, वरून चुण्या घालून झाकलेला. पुतण्या शेजारीच उभा होता. "हे असं वाकडंतिकडं का हो?" त्यानं विचारलं. आणि मी, तुमची मुलगी, माझ्या कामावरच्या दोन बायकांसमोर म्हणाले, "त्या दिवसांत अब्बांचा हात गेला होता. नजरही अधू झाली होती." तो म्हणाला, "तुम्ही मात्र नीट करून द्या." त्या वाक्यानं मला गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू. सगळा काथ्या उपसून काढला, नवा फोम घातला, दोन्ही सीटा हातानं चाचपून सारख्या केल्या. जुनं भरण सकाळच्या घंटागाडीत गेलं.

गाडी न्यायला पुतण्या शेठजींनाच घेऊन आला. खूप थकलेत. काठी टेकत आले आणि म्हणाले, मले डाव्या बाजूनं बसवा. बसले. जरा डावीकडे सरकले, जरा उजवीकडे. पाठ टेकून पाहिली. हाताखाली काहीतरी शोधत राहिले.

"पोरी, यातलं काढून टाकलं काय?"

मी म्हणाले, वाकडं झालं होतं, सरळ केलं. मग ते बायकोचं सांगू लागले. "तिले लकवा मारला होता. डावं अंग गेलं. खुर्चीत बसवली की कलंडे. तशी लोकांनी पाह्यलेली तिले खपत नव्हती, म्हणून घराबाहेर पडेना. तुह्या बापानं माह्या जिनातून सरकीचं पोतं आनाले लावलं. म्हणे, बाईसाहेबांले याच्यावर बसवा, उशा लावून सरळ करा. अन् तो व्हरांड्यात तोंड फिरवून उभा. तिले उठवलं तवा आत आला, अन् सरकीत पडलेल्या खळग्याचं माप घेतलं. बोट लागू देलं नाई तिले. मंग त्या सीटवर ती अशी ताठ बसे का लोकं म्हनत, बाईले केवढी मिजास."

हे पुतण्यालाही ठाऊक नव्हतं. तुम्हाला ठाऊक होतं. पानठेल्यावर एक शब्द बोलला असता तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती, आपल्याला हसणाऱ्यांचीही. तुम्ही आमच्याजवळसुद्धा बोलला नाहीत. आणि मी त्या सीटवरून तुमचंच नाव घालवून बसले.

मी म्हणाले, शेठजी, होतं तसं परत करून देते. "कशावरून करशील?" ते म्हणाले. "सरकीवर बसवाले ती कुठं हाय आता?" रागावले नाहीत. उतरताना नव्या सीटवरून हात फिरवून, "काम चांगलं हाय तुह्यं," असंही म्हणाले. त्यापेक्षा त्यांनी काठी उगारली असती तर बरं झालं असतं.

हा कागद माझ्या भाईजवळ द्यावा, तो कब्रस्तानात जातो तेव्हा तुमच्यापाशी ठेवील, असं मनात आलं होतं. पण तो आधी वाचेल. तेव्हा हा माझ्याजवळच राहील.

शेठजींना मी म्हणाले, मला माहीत नव्हतं. लकव्याचं खरंच माहीत नव्हतं. पण उसवताना मी तुमचे टाके पाहिले होते, अब्बा. आत, जिथं कोणी बघत नाही तिथंही एकसारखे, एकही सैल नाही. हात गेलेल्या माणसाचे ते टाके नव्हते, हे मला तेव्हाच कळलं होतं. गिऱ्हाईक ऐकत होतं, म्हणून मी तसं म्हणाले.