उपवासाचा जोगवा

दादा, तुमी गेल्याला सात वर्सं झाली. तवा मी चौथीत हुते, आता सतरावं संपत आलं. नववीत शाळा सोडली. उभं राहून वाचायला सांगितलं की मी अक्षरा-अक्षराला अडखळायची, आन पोरी हसायच्या. आता गुलाबाच्या पॉलिहाऊसला जाते. दिवसभर फुलं तोडायची, वीस-वीसच्या जुड्या बांधायच्या, कुणाशी बोलावं लागत न्हाई. ही वही तुमच्यासाठी काढलीय, कारण ती तुमाला वाचून दाखवावी लागणार न्हाई.

बाप म्हणून तुमी आठवता ते नवरात्रातलेच. घरात घट बसलाय, तुमी अनवाणी, नऊ दिवस पाणी आन एक केळं. साखरेचा आजार असून. आई गोळ्यांची पट्टी पुढं करती आन तुमी म्हणता, "देवीचं दिस हायत. तिच्यावर भरवसा न्हाई व्हय तुझा?" मी मधी म्हणते, "पण दादा, डॉक्टर म्हणले..." तर तुमी नुसते डोळे वटारता. मी पाटी उचलून आत जाते. आठव्या माळेला, म्हंजी नवरात्राच्या आठव्या दिवशी, तुमी भाताच्या बांधावर पडलात, ते उठलाच न्हाई.

तुमच्या मागं तो उपवास आईनं धरला. आता साखर तिलाबी हाय. गोळी घ्यायची ती, पण पोटात काय न्हाई. औंदा दुसऱ्या माळेला गॅसपुढं उभ्या उभ्या तिचे हात थरथरायला लागले, घामानं अंग भिजलं. मी गुळाचं पाणी पाजलं आन रिक्षानं दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणल्या, "मावशी, गोळी जेवूनच घ्यायची. पुढच्या वेळी पोरगी घरात नसली तर?" आई मान हलवत राहिली. रिक्षात मला म्हणली, "उपवास सोडून आरतीला कुठल्या तोंडानं उभी राहू गं? तुझे दादा गेले तवा त्याच बायकांनी मला हाताला धरून देवळात नेलं. त्यांच्यात बसायला लागले तवा झोप यायला लागली मला." ती खोटं बोलत नव्हती. तुमी गेल्यावर ती किती दिवस भिंतीकडं तोंड करून पडायची, त्ये मी बघितलंय. देवळानंच तिला जगवलं, आन आता तितल्याच लाजंपायी ती उपाशी राहत हुती. मला काय करावं कळंना.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या मावशींकडं गेले. देवळातली आरती त्याच सांगतात. "मावशी, आईचा उपवास..." एवढं म्हणून थांबले.

"अगंबया, बोलती का ही! मला वाटलं बापानं मुकी पोरगी मागं ठेवली." मग त्यांनी सगळं ऐकलं. जरा वेळ वाती वळत बसल्या. "घरात देवीची परडी हाय न्हवं? जोगवा माग."

"पिठाचा?"

"पीठ काय करती? उपवास माग. सात माळा राहिल्यात, एकीनं एक घ्यायची. देवीला नऊ दिस पायजेत. एकाच पोटातनं पायजेत, असं ती कुटं म्हणली?"

दादा, मी परडी घेऊन दारोदार गेले. मी! पयल्या घरी काकूंनी सवयीनं पिठाची वाटी आणली. "पीठ नको," म्हणले, आन पुढचं एका दमात बोलून टाकलं. काकूंनी वाटी परत डब्यात रिकामी केली आन म्हणल्या, "आजचाच दे." दुसऱ्या घरच्या आजी म्हणल्या, "मी तर आदीच उपाशी. उपासावर उपास कसा घालू? बरं, उद्या माझा च्या बंद, तो तुझ्या आईच्या नावचा." आतनं सून वरडली, "आत्या, च्या न्हाई मिळाला की तुमचं डोकं चढतं, मग आमाला धारंवर धरता!" एका घरी मात्र, "उपवास काय उसना मिळतो व्हय?" म्हणून दार लावलं. मी रडले न्हाई. पुढच्या दारी गेले.

सहा माळा मिळाल्या. संध्याकाळी मावशींनी आरतीला सगळ्यांदेखत आईला सांगितलं, "तू जेव. तुझं आमी बघतो." आईनं मान वर केली न्हाई. दुसऱ्या दिवशी दुपारी भिंतीकडं तोंड करून अर्धी भाकरी खाल्ली. तिसऱ्या दिवशी अख्खी, माझ्याकडं बघत. आन आरतीला रोज आपल्या जागी उभी राहिली. परवा दवाखान्यात साखरेच्या तपासणीचा कागद बघून डॉक्टरीणबाई म्हणल्या, "असंच चालू ठेवा." येताना आईनं स्वतःहून एष्टीत शेजारच्या बाईला जोगव्याचं सगळं सांगितलं, आन हसली.

ह्ये कुटं पाठवायचं न्हाई, माहीत हाय. वही तांदळाच्या डब्यामागं सारून ठेवीन. फकस्त एक राहिलं. सातांतली एक माळ कुणी घेतली न्हाई, ती मी घेतली. नेमकी आठवी, तुमची. आईला म्हणले, उपवास कडक धरला. पण दुपारी पॉलिहाऊसमधल्या उकाड्यात डोळ्यांपुढं अंधारी आली, तवा मी पॅकिंगच्या शेडमागं जाऊन अर्धा वडापाव खाल्ला. कुणाला सांगितलं न्हाई. तुमीबी तसंच करायचं हुतं, दादा. मी बघितलं असतं, तरी बोलले नसते.